वॉरन स्पॉनचं जुनं कार्ड घेताना: आधी कार्ड मोजा, मग पैसे मोजा

अमेरिकेतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला साधारण एकाच चालीचे निरोप येतात. मुलाला किंवा मुलीला बेसबॉलचं वेड लागलेलं असतं, गल्लीतल्या कुणाच्या घरसामानाच्या विक्रीतून खेळाडूंच्या चित्रांच्या जुन्या कार्डांचं खोकं आणलेलं असतं आणि त्यात १९५०च्या आसपासच्या एखाद्या नामांकित पिचरचं, म्हणजे गोलंदाजाचं, कार्ड निघालेलं असतं. मग फोटो येतो. फक्त समोरच्या बाजूचा, तोही प्लॅस्टिकच्या पाकिटातून काढलेला. खाली एकच ओळ: "काका, किती मिळतील?"

इथेच घोडं पेंड खातं. आधी चेहरा बघायचा, मग किंमत शोधायची, मग कार्ड जरा पुसून घ्यायचं आणि शेवटी ते खरं आहे का याची चौकशी करायची, असा सगळ्यांचा क्रम असतो. आधी कळस, मग पाया. हा लेख तो क्रम उलटा करण्यासाठी आहे. उदाहरणाला ब्रेव्ह्ज संघाचा जुना पिचर वॉरन स्पॉन घेतला आहे, कारण त्याची कार्डं भरपूर आहेत, त्यांत फसायच्या जागाही भरपूर आहेत आणि त्याच्या कारकिर्दीच्या तारखा वस्तू तपासायला फार उपयोगी पडतात. दुसरा कुणी पिचर असेल तर नाव आणि तारखा बदला, पायऱ्या त्याच राहतील.

## तयारी: कार्डाला हात लावण्याआधी

कोरडे, स्वच्छ हात पुरेत. सुती हातमोज्यांचा सोस करू नका. मोज्यात बोटांना अंदाज राहत नाही आणि कोपरा कुठेतरी अडकतो. हाताला क्रीम मात्र नको.

टेबलावर एवढं मांडा:

- १० पट भिंग, जमल्यास ३० पटही
- मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक पट्टी
- वाकणाऱ्या मानेचा टेबललॅम्प
- अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी (डोळ्यांवर मारू नका, मुलांच्या हातात देऊ नका)
- मऊ पातळ पाकिटं आणि अर्धकडक प्लॅस्टिकची पाकिटं
- एक वही

आणि एक वस्तू, जी जवळजवळ कुणीच घेत नाही: त्याच वर्षाच्या, त्याच मालिकेतल्या एखाद्या अप्रसिद्ध खेळाडूचं फाटकंतुटकं पण अस्सल कार्ड. मोठ्या खेळाडूच्या कार्डापुढे ते फुटकळ किमतीत मिळतं. पुठ्ठ्याची जाडी, पाठीचा रंग, छपाईचे ठिपके, जुन्या कागदाचा वास, सगळ्याची तुलना त्याच्याशी करायची. एकटं कार्ड हातात घेऊन "जुनं वाटतंय" म्हणण्याला काही अर्थ नाही. दोन कार्डं शेजारी ठेवली की फरक आपोआप बोलतो.

डिजिटल कॅलिपर वापरणार असाल तर त्याचे जबडे कार्डाच्या कडेवर दाबू नका. ५० च्या दशकातला पुठ्ठा कडेला मऊ पडलेला असतो, खाच पडते. मी एकदा पाडली आहे.

## पायरी १: कारकिर्दीचा तक्ता वहीत उतरवा

क्रिकेटवर वाढलेल्यांसाठी एवढंच: पिचर म्हणजे गोलंदाज, आणि बेसबॉलमध्ये सामन्याचा जय-पराजय त्याच्या नावावर मांडतात. म्हणून कार्डाच्या पाठीवर "२२–१४" असे आकडे दिसतात: २२ जिंकले, १४ हरले.

स्पॉनच्या बाबतीत या तारखा लिहून ठेवा. कौतुकासाठी नाही, पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहेत म्हणून.

- जन्म २३ एप्रिल १९२१, बफेलो. डावखुरा.
- १९४२: बोस्टन ब्रेव्ह्जकडून पहिले सामने. नंतर सैन्यात, १९४३ ते १९४५ खेळ नाही. पहिला विजय १९४६ मध्ये.
- १९५२ पर्यंत संघ बोस्टनचा. १९५३ पासून तोच संघ मिलवॉकीचा.
- १९५१ चा हिशेब २२–१४. १९५३ चा २३–७.
- १९५७: साय यंग पुरस्कार (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा), आणि ब्रेव्ह्जनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली.
- १९६५: आधी मेट्स, मग जायंट्स. तिथे मोठ्या लीगमधली कारकीर्द संपली. एकूण ३६३ विजय.
- १९७३: हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत नाव.
- मृत्यू २४ नोव्हेंबर २००३.

तपासणी: विकणाऱ्याच्या वर्णनातलं प्रत्येक वाक्य या तक्त्यावर ठेवून बघा. "१९५५ चं बोस्टन ब्रेव्ह्जचं स्पॉन पेनंट" (पेनंट म्हणजे संघाचा त्रिकोणी झेंडा) असं लिहिलं असेल तर वर्ष चुकलंय किंवा वस्तू. "१९४४ चा सामन्यात वापरलेला चेंडू" तर सोडूनच द्या, तेव्हा तो लष्कराच्या गणवेशात होता.

## पायरी २: कार्ड नेमकं कोणतं, ते ठरवा

समोरची बाजू सोडा, कार्ड उलटं करा. क्रमांक पाठीवर असतो आणि वर्षाचा खरा पुरावाही तिथेच.

सर्वांत जास्त होणारी चूक वर्षाची. पाठीवर १९५१ च्या हंगामाचे आकडे दिसले की लोक कार्ड १९५१ चं समजतात. कार्ड हंगामाच्या तोंडावर छापलं जातं, म्हणून त्यावर आदल्या वर्षाचा हिशेब असतो. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५२ च्या कार्डावर "गेलं वर्ष" आणि "एकूण कारकीर्द" असे दोन रकाने आहेत. गेल्या वर्षाच्या रकान्यात स्पॉनचे २२–१४ असायला हवेत.

नेहमी समोर येणारी कार्डं आणि त्यांचे क्रमांक (बोमन आणि लीफ याही टॉप्ससारख्या कार्ड छापणाऱ्या कंपन्या): बोमन १९४८ क्रमांक १८ (काळं-पांढरं, हेच त्याचं पदार्पणाचं कार्ड धरतात), लीफ १९४८–४९ क्रमांक ३२, बोमन १९५१ क्रमांक १३४, टॉप्स १९५२ क्रमांक ३३, टॉप्स १९५३ क्रमांक १४७, टॉप्स १९५४ क्रमांक २०, टॉप्स १९५६ क्रमांक १०, टॉप्स १९५७ क्रमांक ९०, टॉप्स १९५९ क्रमांक ४०.

क्रमांक जुळला म्हणजे काम झालं असं नाही. तीन ठिकाणी पोटभेद आहेत आणि किंमत त्यावर हलते.

टॉप्स १९५२ मध्ये पहिल्या ८० क्रमांकांची पाठ दोन प्रकारे छापली गेली, काही काळ्या शाईत, काही लाल. स्पॉनचा क्रमांक ३३, म्हणजे त्याचं कार्ड दोन्ही प्रकारांत आहे. तुलनेचं कार्ड घेताना काळ्या पाठीला काळंच घ्या.

टॉप्स १९५६ मध्ये सुरुवातीच्या क्रमांकांची पाठ कुठे करड्या पुठ्ठ्याची, कुठे पांढऱ्या. इथे पाठ पांढरी दिसली म्हणून "नकली" असा शिक्का मारू नका.

आणि टॉप्स १९५९, जे मला स्वतःला सगळ्यांत आवडतं. त्याच्या पाठीवर जन्मवर्ष चुकून १९३१ छापलं गेलं. चूक सुधारून १९२१ केलेली कार्डंही आहेत, आणि अशीही आहेत की ज्यांत ३ चा आकडा अर्धवट झाकल्यासारखा दिसतो. तिन्ही अस्सल. भिंगाशिवाय हा फरक सहज निसटतो, आणि विकणाऱ्यांतल्या पुष्कळांनी तो पाहिलेला नसतो. ३ आणि २ बघताना लॅम्प तिरका धरा.

सावधान: बोमनची ही कार्डमालिका १९४८ ते १९५५ एवढीच चालली, १९५६ मध्ये कंपनी टॉप्सने घेतली. स्पॉनचं "बोमन १९५८" कुणी दाखवलं तर ते त्या वर्षी छापलेलं नाही.

## पायरी ३: मोजा

हीच पायरी सगळे गाळतात. खर्च शून्य आणि फसवणूक इथेच सर्वांत जास्त पकडली जाते.

| कार्ड | रुंदी × उंची, मिमी (सुमारे) |
|---|---|
| बोमन १९४८ ते १९५० | ५२.४ × ६३.५ |
| लीफ १९४८–४९ | ६०.३ × ७३ |
| बोमन १९५१, १९५२ | ५२.४ × ७९.४ |
| टॉप्स १९५२ ते १९५६ | ६६.७ × ९५.३ |
| टॉप्स १९५७ पासून पुढे | ६३.५ × ८८.९ |

(१९५५ आणि १९५६ ची टॉप्स कार्डं आडवी आहेत, त्यांचे आकडे उलटे धरा.)

टॉप्सने १९५२ च्या संचाचं पुनर्मुद्रण १९८३ मध्ये स्वतःच काढलं. चोरून नाही, उघड, आणि पाठीवर तसं छापूनही. पण आकार ठेवला आजचा, म्हणजे ६३.५ × ८८.९. १९५३ च्या संचाचं १९९१ मधलं पुनर्मुद्रणही आजच्याच आकाराचं. त्यामुळे "१९५२ चा स्पॉन" म्हणून हाती आलेलं कार्ड आजच्या पाकिटात अगदी मापात बसत असेल तर पुढची एकही पायरी करायची गरज नाही. मूळ कार्ड त्या पाकिटात जातच नाही.

माझे पहिले पैसे याच कारणाने गेले. रविवारच्या एका जुन्या बाजारात काचेखाली ठेवलेलं कार्ड होतं, रंग तजेलदार, कोपरे टोकदार, आणि पाठ दुहेरी टेपने पुठ्ठ्याला चिकटवलेली. "काढलं तर फाटेल," असं विकणारा म्हणाला. मीही मान डोलावली. घरी येऊन काढलं तर पाठीवरचा पुनर्मुद्रणाचा मजकूर शाबूत. पट्टी खिशात असती तर दहा सेकंदांचं काम होतं.

नियम: ज्या कार्डाची पाठ बघू देत नाहीत, ते कार्ड घ्यायचं नाही. फ्रेममधलं असो, लॅमिनेट केलेलं असो, विकणारा कितीही सज्जन असो.

चारही बाजू दोन-दोन ठिकाणी मोजा. जुन्या कापणीत अर्ध्या मिलिमीटरचा इकडेतिकडे फरक असतो, त्यावरून घाबरू नका. एका बाजूला वरची आणि खालची मापं वेगळी येत असतील, किंवा कार्ड जवळजवळ मिलिमीटरभर कमी भरत असेल, तर कडा कापलेली असण्याचा संशय धरा आणि पायरी ५ जास्त काळजीने करा.

## पायरी ४: छपाई भिंगाखाली

जुन्या ऑफसेट छपाईत चित्राचा रंग बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो, पण अक्षरं आणि चौकटीच्या रेषा एकसंध शाईत वेगळ्या छापलेल्या असतात. नकली कार्ड बनवणारा मूळ कार्ड स्कॅन करतो आणि सगळंच एकत्र छापतो, त्यामुळे त्याची अक्षरंही ठिपक्यांत फुटतात.

म्हणून भिंग चेहऱ्यावर धरू नका, नावावर धरा. अक्षराची कड बघा. काळी, भरीव आणि सलग असेल तर ठीक. कडेला निळे-लाल-पिवळे ठिपके दिसले तर कार्ड बाजूला ठेवा. मग तुलनेचं कार्ड त्याच भिंगाखाली घ्या आणि ठिपक्यांचा आकार व दाटी जुळते का पाहा. रंगांचे थर किंचित सरकलेले असतील तर तो त्या काळच्या छपाईचा नेहमीचा दोष आहे, खोटेपणाचा पुरावा नाही.

एक गमतीची चूक: टॉप्स १९५२ च्या समोरच्या पट्टीत नावाखाली खेळाडूची सही असते. ती छापलेली आहे, त्या संचातल्या कार्डांची रचनाच तशी. दरवर्षी कुणीतरी "स्पॉनने सही केलेलं कार्ड सापडलं" म्हणून फोन करतं.

मग खोलीत अंधार करून दोन्ही कार्डांवर अतिनील प्रकाश टाका. पुढच्या काळात कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं सर्रास येऊ लागली, तो कागद या प्रकाशात निळसर-पांढरा पेटल्यासारखा दिसतो. तुमचं कार्ड झगझगत असेल आणि तुलनेचं मंद राहत असेल, तर उत्तर मिळालं. उलट बाजूने मात्र ही चाचणी पुरेशी नाही. नकली कार्ड जुन्या कोऱ्या पुठ्ठ्यावरही छापता येतं, आणि साबणाच्या पाण्याचा डाग अस्सल कार्डावरही चमकतो.

## पायरी ५: कडा, कोपरे आणि केलेली डागडुजी

इथपर्यंत कार्ड अस्सल ठरलं. आता त्याच्यावर कुणी हात चालवलाय का ते बघायचं. अस्सल पण डागडुजी केलेलं कार्ड ही नवख्यांची सर्वांत महागडी खरेदी असते.

लॅम्प टेबलाला जवळजवळ समांतर आणा. प्रकाश कार्डावरून सरपटत गेला पाहिजे. सरळ प्रकाशात न दिसणारी घडी, दाबून सपाट केलेली चुणी, खोडरबरने घासलेली जागा, तिरक्या प्रकाशात लगेच उठून दिसते. कार्ड चारही दिशांना फिरवा, मग पाठीचंही तसंच.

कापलेली कड: सत्तर वर्षांच्या कार्डाचे चारही कोपरे गोलसर झालेत आणि एकच कड पात्यासारखी सरळ, ताजी, पांढरट आहे, असं होत नाही. कडा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. कापलेली कड पुष्कळदा मध्ये किंचित आत गेलेली असते, सपाट काचेवर पट्टी लावून बघा.

रंग भरलेला कोपरा: भिंगाखाली शाई ठिपक्यांची न दिसता कागदाच्या तंतूंत मुरलेली दिसते. गडद पार्श्वभूमीच्या कार्डांत हे जास्त.

जोडलेला पापुद्रा: पूर्वी मुलं कार्डं वहीत चिकटवत. उखडताना पाठीचा पापुद्रा निघतो आणि पुढे कुणीतरी दुसऱ्या कार्डाची पाठ त्यावर बसवतो. कडेवरून पाहिलं तर जाडी वेगळी लागते.

वास: रसायनाचा किंवा ब्लीचचा वास आला तर चर्चा बंद.

### आणि तुम्ही स्वतः काय करू नये

पुसू नका. ओल्या कापडाने नाही, चष्म्याच्या कापडानेही नाही. खोडरबर नाही. जाड पुस्तकाखाली ठेवून घडी मोडायची नाही. ही कार्डं च्युइंगमच्या पुड्यातून येत, त्या वेष्टनाच्या मेणाचा डाग काढायच्या नाना युक्त्या लोक सांगतात. पहिल्या वर्षी त्यांतली एकही करू नका. कार्ड वहीला चिकटलेलं असेल तर ओढू नका, वहीचं पान कार्डाभोवती मोठं कापून तसंच ठेवा आणि जाणत्याला दाखवा. आपल्याकडे जुनी भांडी चिंच लावून लखलखीत करायची सवय आहे. ती सवय इथे दाराबाहेर ठेवा.

## पायरी ६: अवस्थेला गुण स्वतः द्या

पीएसए, एसजीसी, बेकेट या कंपन्या कार्डाला १ ते १० असे गुण देऊन कडक प्लॅस्टिकमध्ये बंद करून देतात. त्याला स्लॅब म्हणतात. त्यांच्याकडे पाठवण्याआधी स्वतः गुण देऊन बघा आणि स्वतःच्या गुणांतून एक वजा करा. आपल्या वस्तूकडे आपण मायेनेच पाहतो.

मधोमधपणा असा मोजा: डावीकडची पांढरी चौकट ३ मिमी, उजवीकडची २ मिमी, एकूण ५, म्हणजे ६०–४०. वर-खाली तसंच. कोपरे अगदी टोकदार असले तरी चौकट ८०–२० ला सरकली असेल तर वरचे गुण विसरा. पीएसए अशा कार्डाच्या गुणांपुढे वेगळी खूणही लावते. डाग, पेनची खूण, चुकीची कापणी यांनाही तशाच खुणा आहेत, आणि किंमत पाहताना त्या खुणेसकट पाहावी लागते.

घडीने समोरची छपाई फोडली असेल तर ४ च्या वर आशा धरू नका. पेनने लिहिलेलं असेल तर त्याहून खाली. यात वाईट काही नाही. या काळातली कार्डं मुलांच्या खिशांत फिरलेली आहेत, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांत खोचलेली आहेत. २ आणि ३ गुणांची कार्डंच बाजारात जास्त फिरतात. तिथे २ गुणांना "गुड" म्हणतात, आमच्या शाळेत वर्गाबाहेर उभं केलं असतं.

## पायरी ७: आता किंमत

मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. कुणी हजार डॉलर मागत बसलाय, म्हणजे हजाराला गेलं असं नाही. फक्त विकल्या गेलेल्या व्यवहारांचे आकडे घ्या: तेच कार्ड, तोच पोटभेद, तीच गुण देणारी कंपनी, तेवढेच गुण, गेल्या सहा महिन्यांतले. पाच-सहा व्यवहार मिळाले तर सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा.

लिलावात घेणार असाल तर हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचा हिस्सा चढतो, साधारण २० टक्क्यांच्या आसपास, शिवाय टपाल आणि कर. ५०० ची बोली म्हणजे ६०० च्या पुढचा खर्च. हा हिशेब बोली लावण्याआधी वहीत मांडा.

सावधान: स्लॅबमधलं आहे म्हणजे डोळे मिटून घ्यायचं, असंही नाही. १९०९ च्या होनस वॅग्नर कार्डांतलं सर्वांत गाजलेलं कार्ड पीएसएने गुण दिलेलं पहिलं कार्ड, ८ गुणांचं. त्याची कड आपण कापली होती, अशी कबुली लिलावगृह चालवणाऱ्या बिल मास्ट्रोने २०१३ मध्ये न्यायालयीन प्रकरणात दिली. शिवाय स्लॅबच नकली असू शकतो. लेबलावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथल्या नोंदीत कार्ड, वर्ष, गुण जुळतात का पाहा. फोटो असेल तर डागांच्या जागाही जुळवा.

## पायरी ८: सही असलेल्या वस्तू

कार्डापेक्षा इथे खोटं करणं सोपं आहे. कोरा चेंडू आणि पेन, एवढंच लागतं. अमेरिकेच्या एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" नावाने जी मोहीम चालवली ती या खोट्या सह्यांच्याच टोळ्यांविरुद्ध होती. सहीचं वळण ओळखणं हे वर्षांचं काम आहे, तुमचं माझं नाही. पण सहीखालच्या वस्तूची तारीख काढणं आपल्याला जमतं, आणि पुष्कळ खोटं तिथेच उघडं पडतं.

चेंडूवरचा शिक्का वाचा. स्पॉनच्या काळात नॅशनल लीगच्या (ब्रेव्ह्ज जिच्यात खेळत ती लीग) अधिकृत चेंडूवर लीगच्या अध्यक्षांचं नाव छापलेलं असे. फोर्ड फ्रिक १९५१ पर्यंत, वॉरन जाइल्स १९५१ ते १९६९, चब फीनी १९७० ते १९८६, नंतर बार्ट जियामाटी, बिल व्हाइट, लिओनार्ड कोलमन. २००० पासून लीगचे वेगळे चेंडू बंद झाले आणि आयुक्त बड सेलिग यांचं नाव आलं. "१९५७ मध्ये मैदानावर घेतलेली सही" आणि चेंडूवर फीनी, असं असेल तर गोष्ट खोटी.

बनवणारा बघा. नॅशनल लीगचे चेंडू १९७६ पर्यंत स्पाल्डिंगचे होते, १९७७ पासून रॉलिंग्जचे. जाइल्सचं नाव आणि रॉलिंग्जची खूण एकाच अधिकृत नॅशनल लीग चेंडूवर येऊ शकत नाही.

पेन बघा. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला. त्याआधीची म्हणून दाखवलेली सही शार्पीची असेल तर प्रश्न मिटला. चामड्यावर मार्करची शाई काळानुसार पसरते, म्हणून चेंडूवर बॉलपेनची सही चांगली मानतात.

सहीसोबतचे शब्द बघा. सहीखाली हॉल ऑफ फेम आणि ७३ असं लिहिलेलं असेल तर सही १९७३ नंतरची. ३६३ विजय लिहिलेले असतील तर १९६५ नंतरची. इथे एक घोटाळा सगळे करतात: जाइल्सच्या नावाच्या चेंडूवर ७३ लिहिलेलं दिसलं की लगेच "नकली" ओरडतात. जुन्या चेंडूवर नंतर सही घेता येतेच की. सही खरी असू शकते. खोटा असतो तो फक्त "१९५७" चा दावा, आणि जादा किंमत त्या दाव्याचीच लावलेली असते.

पूर्ण संघाच्या सह्यांचा चेंडू असेल तर कोण कुणाबरोबर खेळलं ते ताडून बघा. जॉनी सेन १९५१ च्या ऑगस्टमध्ये ब्रेव्ह्ज सोडून यँकीजकडे गेला. रेड शेंडीन्स्ट १९५७ च्या जूनमध्ये ब्रेव्ह्जकडे आला. "एकाच हंगामातला संघ" म्हणून दोघांच्या सह्या एका चेंडूवर असतील तर तो संघ कधी अस्तित्वातच नव्हता.

स्पॉन निवृत्तीनंतरही पुष्कळ वर्षं संग्राहकांच्या मेळाव्यांत सह्या देत असे. त्याची सही दुर्मीळ नाही. म्हणून पीएसए, जेएसए, बेकेट यांपैकी कुणाची तपासणी नसलेली सही स्वस्त मिळाली तरी घेण्याचं कारण नाही. विकणाऱ्याने स्वतःच छापून दिलेल्या "अस्सलतेच्या प्रमाणपत्राची" किंमत त्या कागदाइतकीच.

## पायरी ९: गुण द्यायला पाठवणं

आधी वजाबाकी करा. गुण मिळाल्यानंतरची किंमत, उणे आत्ताची किंमत, उणे शुल्क, उणे जाण्यायेण्याचं विम्यासह टपाल. उरलं काहीच नाही तर पाठवू नका. घरात ठेवायच्या २ गुणांच्या कार्डाला स्लॅबची गरज नसते. अपवाद १९४८ चं बोमन आणि १९५२ चं टॉप्स: विकताना गिऱ्हाईक खरेपणाची खात्री मागतंच.

पाठवताना क्रम असा:

१. दोन्ही बाजू जास्तीत जास्त तपशिलात स्कॅन करा. वाद झाला तर हाच पुरावा.

२. कार्ड आधी मऊ पातळ पाकिटात, मग अर्धकडक पाकिटात. कडक जाड पाकिटातून कार्ड काढताना कोपरे जातात, म्हणून कंपन्यांना अर्धकडकच हवं असतं. १९५२ ते १९५६ च्या टॉप्ससाठी मोठ्या मापाचं मऊ पाकीट वेगळं आणावं लागतं. आजच्या मापाच्या पाकिटात कोंबून कोपरा दुमडणं, तेही तपासायला पाठवताना, हे मी दोन घरांत पाहिलंय.

३. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून रबरबँड पुठ्ठ्यांना लावा, कार्डाला कधीच नाही. चिकटपट्टी पाकिटाच्या तोंडावर लावू नका.

४. लिफाफा नाही, खोकं. हलवल्यावर आवाज आला नाही पाहिजे.

५. फॉर्मवर पोटभेद लिहा: काळी पाठ की लाल, १९२१ की १९३१. किंमत खरी लिहा. कमी लिहून शुल्क वाचवायला गेलात तर नंतर फरक वसूल होतो, आणि वाटेत हरवलं तर भरपाईही कमी.

## पायरी १०: घरात ठेवताना

जुन्या अल्बमांची मऊ, वासाची प्लॅस्टिकची पानं पीव्हीसीची असतात. त्यातून निघणारा चिकटपणा कार्डावर बसतो. ती पानं टाका, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची घ्या. तळघर दमट, माळा तापट, दोन्ही नकोत. राहत्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम, आर्द्रता ४० ते ५० टक्के. भिंतीवर लावायचं असेल तर उन्हाच्या समोरची भिंत सोडा. लाल आणि पिवळा रंग उडालेला परत येत नाही.

स्लॅब परत आला की लेबल वाचल्याशिवाय कपाटात ठेवू नका. १९५९ च्या कार्डावर जन्मवर्षाचा पोटभेद लिहिलाय का, १९५२ ला पाठीचा रंग बरोबर आहे का. चूक असेल तर प्लॅस्टिक फोडू नका, आहे तसं कंपनीला कळवा. फोडलेल्या स्लॅबचं लेबल दुरुस्त होत नाही, कार्ड पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा शुल्क भरून पाठवावं लागतं.